वादळाबरोबर येणारे पाहुणे पक्षी

बगळे आणि घारी आपण रोज पाहतो. कुरव पक्षी थंडीत येतात नि उन्हाळ्यात जातात. त्यांचे येणे ठरलेले असते. पण काही पक्षी चुकून, कधीतरीच येतात. त्यांनाही इकडे यायचे नसते.

मागच्या आषाढात असा एक पक्षी आपल्या पुळणीवर बसला होता. पांढराशुभ्र, बदकाहून मोठा, पंखांची कड काळी, चोच पिवळट आणि चोचीभोवती काळा मुखवटा. आम्हांला वाटले हंसच! समुद्रातला असेल म्हणून मी आणि आणखी दोघांनी त्याला पाण्यात ढकलले. लाटेने परत आणून टाकले. आम्ही पुन्हा ढकलले. तेवढ्यात मामा ओरडत आले, "अरे, मारताय काय त्याला! दमलंय ते पाखरू."

मामा तांडेल आहेत. पावसाळ्यामुळे होड्या वर ओढलेल्या, म्हणून ते घरी होते. खोल दर्यात असली पाखरे उंचावरून माशांवर सूर मारताना त्यांनी पाहिली आहेत.

गुरुजींनी पुस्तकात चित्र दाखवले. नाव मास्क्ड बूबी. पंख पसरले तर सुमारे दीड मीटर भरतात. ओमानकडच्या बेटांवर ते अंडी घालतात. त्यांच्या नाकपुड्या बंद असतात, म्हणून सूर मारताना नाकात पाणी जात नाही. श्वास तोंडाच्या कडेने घेतात. मला याचेच फार नवल वाटले! पावसाळी वाऱ्याने थकले की ते किनाऱ्याला येऊन पडतात. वारा नसला तर जमिनीवरून उडणे त्यांना जड जाते. म्हणून बिचारे बसून राहतात, आणि आपल्याला वाटते माणसाळलेले आहे.

फ्रिगेट नावाचा पक्षी तर याहून वेगळा. शेपूट कात्रीसारखी, पंख फार लांब. राहतो समुद्रावर, पण पिसे भिजतात म्हणून पाण्यावर बसू शकत नाही. त्याला आमच्यासारखे ढकलले तर तो बुडेलच. ३ जून २०२० ला रायगडात निसर्ग वादळ आले तसे वादळ असले, तर असे पक्षी किनाऱ्यापासून आतल्या गावांतही जाऊन पडतात.

असा पक्षी दिसला तर कुत्री हाकला, गर्दी करू नका. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासात जाते. उघड्या हाताने धरू नका. चोच धारदार असते, डोळे सांभाळा. मोठ्या माणसांनी जाड फडके टाकून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे आणि वनखात्याला कळवावे. पालकांनो, एवढे तुम्हीही ध्यानात ठेवा.

आमचा पक्षी वनखात्याची माणसे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मामांनी सांगितले, रात्रीच गेला. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

यंदा किराणा दुकानातून एक मोठा खोका मागून आणला आहे. गुरुजींनी त्याला भोके पाडून दिली. तो सातवीच्या वर्गात कपाटावर आहे. कोणी त्यात वह्या ठेवू नयेत.