चर्च अव्हेन्यूवरचे हिशेब

ब्रुकलिनच्या चर्च अव्हेन्यूवर माझं टॅक्स रिटर्न भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. जानेवारीअखेर लोकांच्या हातात पगाराचे डब्ल्यू-टू फॉर्म पडले, की पंधरा एप्रिलपर्यंत मला मान वर करायला फुरसत मिळत नाही. येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक वेस्ट इंडियन असतात. जमैका, ट्रिनिदाद, बार्बाडोस, गयाना ही नावं आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोचलेली आहेत. १९७१ च्या दौऱ्यात गावसकरांनी ७७४ धावा काढल्या आणि वाडेकरांच्या संघाने मालिका जिंकली, ती याच लोकांच्या मैदानांवर. माझ्याकडे येणारे म्हातारे ती मालिका अजून विसरलेले नाहीत. बाकीचे बहुतेक आफ्रिकन अमेरिकन, म्हणजे ज्यांचे पूर्वज याच देशात गुलाम होते असे. दोघांचा वर्ण एक, राहण्याचा रस्ता एक, मुलांची शाळाही बहुधा एकच. फायली उघडल्या की मात्र आकडे वेगळे दिसतात.

देशभराचे आकडेही तसेच आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार २०१९ मध्ये परदेशातून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या घरांचं मध्यक उत्पन्न वर्षाला सुमारे ५७ हजार डॉलर होतं, तर अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांच्या घरांचं सुमारे ४२ हजार. पहिल्या आकड्यात आफ्रिकेतून आलेले लोकही धरलेले आहेत, हे लक्षात ठेवावं लागतं. पण वेस्ट इंडियन लोक एक पाऊल पुढे आहेत, ही समजूत न्यूयॉर्कमध्ये फार जुनी आहे. आयरा रीड या समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्येच अशा स्थलांतरितांवर पुस्तक लिहिलं होतं. पुढे अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांनी यातून मोठा निष्कर्ष काढला. त्यांचं म्हणणं असं, की त्याच रंगाची माणसं बाहेरून येऊन पुढे जात असतील, तर इथल्या कृष्णवर्णीयांच्या गरिबीला वर्णभेद हे पुरेसं कारण होऊ शकत नाही. कारण संस्कृतीत आणि कामाच्या सवयीत शोधायला हवं.

तेव्हापासून हे वाक्य लोकांच्या तोंडी आहे, आणि ते ऐकलं की माझं डोकं तापतं. फरक खरा आहे. कारण मात्र दुसरीकडे आहे.

माझ्यासमोर येणारी एक फाईल बघा. ग्रेनेडाच्या एक बाई, साठीच्या पुढच्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं न्हाणं-धुणं, औषधपाणी बघतात. दोन एजन्सींकडे काम, म्हणून दोन डब्ल्यू-टू. मुलगी हॉस्पिटलात नर्सच्या हाताखाली, तिचा एक. जावई फ्लॅटबुश अव्हेन्यूवर डॉलर व्हॅन चालवतो. १९८० च्या एप्रिलमध्ये शहराच्या बस आणि भुयारी रेल्वे अकरा दिवस संपावर गेल्या, तेव्हा अशा खासगी गाड्या जोमाने सुरू झाल्या आणि पुढे या वस्त्यांच्या अंगवळणीच पडल्या. तळमजल्यावर भाडेकरू. आणि सगळ्यांत खाली, नीट घडी घातलेला, गृहकर्जाच्या व्याजाचा १०९८ नंबरचा फॉर्म. यातला एकही पगार भरघोस नाही. पण घरात कमावणारे तीन आहेत, आणि घर स्वतःचं आहे.

त्याच दुपारी येणारे दुसरे गृहस्थ ब्रुकलिनमध्येच जन्मलेले. वडील साउथ कॅरोलिनामधून इथे आले होते. हे भुयारी रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले; शहराचं पेन्शन, शिवाय सोशल सिक्युरिटी. त्यांचा एकटा कागद त्या बाईंच्या कुठल्याही कागदाहून मोठा असतो. पण ते एकटे राहतात, आणि भाड्याच्या घरात. अभ्यासकांनीही हेच नोंदवलंय: माणशी कमाईत अंतर थोडंच असतं आणि नवखा वेस्ट इंडियन तर सुरुवातीला मागेच असतो; घरटी उत्पन्नात अंतर वाढतं, कारण त्यांच्या घरांत कमावणारे जास्त, आणि बायका तर मोठ्या संख्येने बाहेर काम करतात.

घर कसं झालं, हे त्या बाईंनी मला सांगितलंय. सुसू घालून. सुसू म्हणजे आपली भिशीच. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची आणि दर खेपेला सगळा गल्ला एकीने उचलायचा. त्याला त्या ‘हात मिळाला’ म्हणतात. जमैकात तिला पार्टनर म्हणतात, गयानात बॉक्स हँड, बार्बाडोसमध्ये मीटिंग टर्न. पैसे गोळा करणारी बाई बहुतेक एकाच चर्चमधली किंवा एकाच गावची. कागद नाही, सही नाही, आणि बुडवलं तर आईच्या गावापर्यंत अब्रू जाते. ब्राउनस्टोन घरांसाठी लागणारी पहिली रक्कम अनेक कुटुंबांनी अशीच उभी केली. पॉल मार्शल या लेखिकेच्या १९५९ च्या कादंबरीत बार्बाडोसची आई अशाच एका घरासाठी जिवाचा आटापिटा करते. मार्शलबाई स्वतः ब्रुकलिनमधल्या बार्बाडोसच्या कुटुंबात वाढलेल्या.

सुसूचं कौतुक मी मनापासून करते. पण ती नसलेल्यांना बचत कळत नव्हती, असं कुणी म्हणालं तर मी फ्रीडमन्स बँकेची आठवण करून देते. गुलामगिरी संपताच १८६५ मध्ये मुक्त झालेल्यांसाठी ही बँक निघाली. हजारो जणांनी तिच्यात पै-पै टाकली. गोऱ्या विश्वस्तांच्या कारभारात १८७४ मध्ये ती बुडाली, आणि साठ हजारांवर ठेवीदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले. पुढे १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि बेडफर्ड-स्टायव्हेसंटसारख्या वस्त्या लाल रंगवल्या. लाल म्हणजे कर्जाला धोकादायक. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि तेव्हा दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन कामांत होते. रेल्वेवाल्या गृहस्थांच्या फाईलमध्ये घर का नाही, याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्याआधी हे वाचावं.

आता मुख्य गोष्ट: आलं कोण? बेटावरून निघायला तिकिटाचे पैसे लागतात, व्हिसा लागतो, ओळखीचं माणूस लागतं आणि अंगात धडाडी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनामा कालव्यावर राबून आलेला पैसा बार्बाडोसच्या अनेकांच्या तिकिटाच्या कामी आला. १९२४ च्या कायद्याने दार जवळपास मिटलं, १९५२ च्या कायद्याने एकेका वसाहतीला वर्षाला शंभरच जागा ठेवल्या, आणि १९६५ च्या कायद्याने दार उघडलं तेव्हा आधी आल्या त्या मोठ्या प्रमाणात नर्सेस आणि घरकामाला राहणाऱ्या बायका. मुलं आजीकडे ठेवून त्या आल्या. आजही माझ्या शेजारच्या कार्गो दुकानात नाताळच्या आधी मोठाली पिंपं भरली जातात: तांदूळ, तेल, साबण, शाळेचे बूट, कोपऱ्याकोपऱ्यात कोंबलेले मोजे. ज्यांना हे जमलं नाही ते बेटावरच राहिले, आणि ते न्यूयॉर्कच्या कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत.

म्हणजे एका बाजूला निवडून, गाळून आलेली माणसं, आणि दुसऱ्या बाजूला एक अख्खा समाज, त्याच्या म्हाताऱ्यांसकट, आजाऱ्यांसकट, तुरुंगात गेलेल्यांसकट. ही तुलना न्याय्य कशी? अर्थतज्ज्ञ क्रिस्टिन बुचर यांनी १९९४ मध्ये वेगळी तुलना केली. स्थलांतरितांच्या शेजारी त्यांनी जन्माचं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात गेलेले अमेरिकन कृष्णवर्णीय ठेवले. रोजगाराच्या बाबतीत दोघं सारखेच निघाले. म्हणजे खरी विभागणी घर सोडणारे आणि न सोडणारे अशी होती. समाजशास्त्रज्ञ सुझॅन मॉडेल यांनी २००८ च्या पुस्तकात हाच प्रश्न सर्व बाजूंनी तपासला आणि त्याही निवडीच्याच कारणापाशी येऊन थांबल्या.

शंका असेल त्याने लंडनकडे बघावं. १९४८ मध्ये एम्पायर विंडरश जहाज टिलबरी बंदरात लागलं, तेव्हापासून याच बेटांवरची माणसं इंग्लंडला गेली. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून तर बार्बाडोसमध्ये जाऊन भरती केली. तेच चर्च, तीच भिशी, तेच शिस्तीचे आईबाप. पण तिथे त्यांची तुलना गोऱ्यांशी झाली आणि कर्तबगार समाज म्हणून त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. उलट त्यांच्या मुलांना मंदबुद्धीच्या शाळांत ढकललं जातंय, हे ग्रेनेडाच्या बर्नार्ड कोर्ड यांना १९७१ मध्ये पुस्तिका काढून सांगावं लागलं. संस्कृतीच सगळं करत असती, तर ती अटलांटिकच्या एकाच किनाऱ्यावर का चालली असती? नॅन्सी फोनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जमैकन लोकांचा दोन्ही शहरांत अभ्यास केला आणि हा विरोधाभास पुढे आणला.

न्यूयॉर्कमध्ये आणखी एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली, ती गोऱ्या साहेबांची पसंती. समाजशास्त्रज्ञ मेरी वॉटर्स यांनी मॅनहॅटनमधल्या एका उपाहारसेवा कंपनीत मुलाखती घेतल्या. तिथले गोरे वरिष्ठ वेस्ट इंडियन कामगारांना इथल्या कृष्णवर्णीयांपेक्षा चांगलं म्हणत, मग भरतीही तशीच होई. हे मी रोज ऐकते. माझ्याकडच्या बाया आपल्या मालकांचे शब्द मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि शेजारच्या खुर्चीवरचे रेल्वेवाले गृहस्थ खिडकीबाहेर बघत राहतात. अशी स्तुती एकाची केली की दुसऱ्याच्या कानाखाली बसते.

आणि ती पसंती फार काळ पुरत नाही. १९८६ च्या डिसेंबरमध्ये क्वीन्समधल्या हॉवर्ड बीचवर मायकेल ग्रिफिथ या तरुणाचा गोऱ्या टोळक्याने पाठलाग केला आणि जीव वाचवायला पळताना तो गाडीखाली गेला. तो ट्रिनिदादमध्ये जन्मलेला होता. बेट कुठलं, हे विचारायला ते टोळकं थांबलं नव्हतं. २००७ नंतर मी तेच कागदावर पाहिलं. ईस्ट फ्लॅटबुश, कनार्सी आणि आग्नेय क्वीन्स या घरमालकांच्या वस्त्या. महागड्या, चढत्या व्याजाच्या कर्जांचे दलाल नेमके तिथेच दारोदार फिरले होते. ज्या फाईलमध्ये वर्षानुवर्षं १०९८ यायचा, तिच्यात जप्तीच्या नोटिसा यायला लागल्या. एका आजोबांना मी व्याजाचा दर वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला परत वाचायला सांगितलं. सुसूने उभं केलेलं घर बँकेच्या एका कलमात गेलं.

मुलांचं काय होतं? काही फार पुढे जातात. याच ब्रुकलिनच्या शर्ली चिझम १९६८ मध्ये काँग्रेसवर निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वडील ब्रिटिश गयानाचे, आई बार्बाडोसची. सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष आणि मग परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल जमैकन आईबापांचे. मोठमोठ्या निवडक कॉलेजांच्या २००७ मधल्या अभ्यासात कृष्णवर्णीय नवविद्यार्थ्यांपैकी २७ टक्के स्थलांतरित किंवा त्यांची मुलं निघाली. पण सर्वसाधारण मुलगा इथल्या शाळेत जातो, आईचा हेल सोडतो आणि रस्त्यावर पोलिसाने अडवलं की पूर्ण अमेरिकन कृष्णवर्णीय होतो. वॉटर्स यांना हेच दिसलं होतं: आईबाप मुलाला परोपरीने सांगतात, ‘तू त्यांच्यातला नाहीस’, आणि शहर त्याला रोज सांगतं, ‘आहेस’. ग्रेनेडाच्या बाईंचा नातू माझ्याकडे पहिल्या नोकरीचा डब्ल्यू-टू घेऊन आला, तेव्हा त्याचं बोलणं आणि रेल्वेवाल्या गृहस्थांचं बोलणं यांत मला काही फरक ऐकू आला नाही.

हे सगळं मराठी वाचकाला सांगण्याचं कारण आहे. १९६५ च्या ज्या कायद्याने त्या नर्सेसना आणलं, त्यानेच आपले इंजिनिअर, डॉक्टरही आणले. आधी गावात शिकता आलेले, मग परीक्षांतून गाळलेले, मग व्हिसाने गाळलेले, असे आपण. न्यू जर्सीतल्या आपल्या समारंभांत आफ्रिकन अमेरिकन लोकांबद्दल ‘आम्ही कष्टाने वर आलो, यांना काय झालं?’ असं सहज बोललं जातं. बोलणारा माणूस वाईट नसतो, पण तो सोवेल यांचंच वाक्य मराठीत म्हणत असतो. मी अशा वेळी गप्प बसत नाही. सांगली जिल्ह्यातल्या अख्ख्या एका तालुक्याची सरासरी काढा आणि मग एडिसनमधल्या आपल्या घरांशी ताडून बघा, असं मी म्हणते.

अलीकडे माझ्या ऑफिसात नुकसानभरपाईचा विषय निघतो. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने मार्च २०२२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की गुलामगिरीची भरपाई वंशावळीवर द्यावी: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वारसांनाच. ग्रेनेडाच्या बाईंना हे झोंबलं; आमचे पूर्वज काय उसाच्या मळ्यात हौसेने होते का, म्हणाल्या. मला मात्र तो निर्णय पटतो. गुलामगिरीनंतरही दीडशे वर्षं लाल नकाशे, बुडालेल्या ठेवी आणि नाकारलेलं पेन्शन ज्यांनी सोसलं, त्यांचा दावा वॉशिंग्टनवर आहे. बाईंचा दावा लंडनवर आहे, आणि तो कॅरिबियन देशांनी मांडलेलाही आहे. कॅरिकॉम या त्यांच्या संघटनेने २०१३ मध्ये आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी दहा मागण्या पुढे केल्या. मी त्या दहा मागण्या छापून बाईंना दिल्या. त्यांनी चष्मा लावून पहिली मागणी मोठ्याने वाचली आणि कागद रेल्वेवाल्या गृहस्थांकडे सरकवला. मग दोघांची जी जुंपली, ती मला एक रिटर्न पुरं करून दुसरं हातात घेईपर्यंत चालू होती.