काचेमागची साय

ये चिमणे, नाक लाव पाण्याजवळ. आला वास? पहिल्या पावसात अंगण भिजल्यावर येतो तसा, पण कुबट. दोन्ही वासांमागचं द्रव्य एकच, जिओस्मिन. मातीत ते एक जीवाणू बनवतात, तुझ्या टाकीत दुसरे.

हो, जीवाणूच! सगळे त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नव्हेच. खरं शेवाळ दगडाला चिकटतं, नखानं खरवडावं लागतं. हे बघ, चिमटीत धरलं की दुधावरच्या सायीसारखं उचलून येतं. सायनोबॅक्टेरिया याचं नाव.

आता भिंग घे. सायीखाली मोत्यांसारखे बुडबुडे अडकलेत ना? त्यात ऑक्सिजन आहे.

अडीचशे कोटी वर्षांपूर्वी हवेत तो जवळजवळ नव्हताच. ना झाड, ना मासा, ना तुझा आजोबा. याचे पूर्वज मात्र उन्हात बसून असेच बुडबुडे सोडत होते. समुद्रात विरघळलेलं लोखंड तो ऑक्सिजन गिळायचं आणि गंजून तळाशी बसायचं, थरावर थर. कितीतरी खाणींतून आपण आज तोच गंज खणतो! लोखंडाचं पोट भरल्यावर उरलेला हवेत चढला. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये यांनी रचलेले दगडी उंचवटे अजून हळूहळू वाढताहेत.

आणि गंमत ऐक. फार पूर्वी एका मोठ्या पेशीनं यांच्यातला एक गिळला, पण पचवला नाही. तो आतच बिऱ्हाड करून राहिला. तुझ्या रोपांच्या पानांतलं हरितलवक म्हणजे त्याचेच वंशज. म्हणजे ज्या पानांवर ही साय चढलीय, त्या पानांच्या आतही तोच बसलाय.

खापरपणजोबा असला तरी रोपांचा उजेड अडवतो, तेव्हा घालवायचाच. आधी नळीनं साय बादलीत ओढून घे. चोळू नकोस, तुकडे पसरतात. एक तृतीयांश पाणी बदल. मग जुनी चादर गुंडाळून चार दिवस पूर्ण अंधार. डोकावायचं नाही! रोपांकडे साठवलेली शिदोरी असते, ती तग धरतात. याला मात्र उजेडाविना निभावणं जड. मासेही तेवढे दिवस उपाशी राहू शकतात. हवेचा पंप तेवढा चालू ठेव, कारण मरणारी साय कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. चादर काढल्यावर पुन्हा पाणी बदल.

एरिथ्रोमायसिननं तो मरतो, जीवाणूच ना. पण माणसाचं औषध टाकीत ओतणं मला पटत नाही, आणि गाळणीतले उपयोगी जीवाणूही त्यात सापडायचे.

त्यापेक्षा तो कोपरा बघ. तिथं पाणी हलत नाही, खिडकीचं ऊन पडतं, आणि तू टाकलेलं जास्तीचं खाणं तिथंच साचतं. फिल्टरचं तोंड तिकडे वळव.

आणि ती बादली मोरीत ओतू नकोस गं, मोगऱ्याला घाल.