घडी साडेतीन मीटरची

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर सियाचीनच्या उंचीवर सामान पोचवतं. नौदलाच्या जुन्या जहाजांवर मात्र ते अडलं, तेही इंजिनामुळे नव्हे, हँगरच्या दारात. पाती मिटल्यावर रुंदी साडेतीन मीटर असावी, ही नौदलाची अट. ध्रुवची रुंदी ५.१ मीटर भरली.

लहान जहाजांचे हँगर ‘चेतक’ हेलिकॉप्टरच्या मापाने बांधलेले. चेतकची तीन पाती शेपटीकडे वळवली की काम झालं. ध्रुवची चार पाती मध्याशी बिजागरीविना जोडलेली असतात. त्यामुळे यंत्र चपळ होतं, पण घडी घालायला बिजागरी लागतेच. नव्या सागरी आवृत्तीत प्रत्येक पातं दोन तुकड्यांत करून ही अट साधली आहे.

मोठं हेलिकॉप्टर छोट्या जागेत बसवण्याचं हे कोडं मुंबईच्या माझगाव गोदीने फार पूर्वी सोडवलं होतं, आणि माझ्या मते त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. इथे बांधलेली लिअँडर वर्गातली पहिली फ्रिगेट युद्धनौका ‘नीलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. आराखडा ब्रिटिश, हेलिकॉप्टरची सोय छोटी. पाणबुड्या शोधणारं ‘सी किंग’ मात्र नऊ टनांहून जड, त्याच्या पंख्याचा व्यास जवळपास १९ मीटर. तरी मालिकेतल्या शेवटच्या दोन फ्रिगेटवर, ‘तारागिरी’ (१९८०) आणि ‘विंध्यगिरी’वर (१९८१), ते बसवलं. हँगर दुर्बिणीच्या नळीसारखा सरकवून लांब करता येईल असा केला. उड्डाणडेकला जागा व्हावी म्हणून पाणबुडीविरोधी ‘लिंबो’ मॉर्टर काढून टाकली. म्हणजे पाणबुडी मारायचं एक हत्यार गेलं, तिला दूरवर गाठणारं दुसरं आलं.

पण एवढं वजन हलत्या डेकवर उतरवायचं कसं? त्यासाठी कॅनडाची ‘बेअरट्रॅप’ यंत्रणा आली. हेलिकॉप्टर डेकवर घिरट्या न घालता एका जागी तरंगत राहतं आणि खाली एक बारीक दोरी सोडतं. डेकवरचे नौसैनिक तिला जाड पोलादी दोर बांधतात; तो वर ओढून पोटाखाली अडकवला जातो. मग जहाजावरची विंच दोरावर कायम ठरावीक ताण ठेवते. लाटेने डेक वरखाली झाला तरी दोर ढिला पडत नाही. योग्य क्षणी वैमानिक खाली येतो आणि डेकवरचा जबडा हेलिकॉप्टरच्या पोटाखालचा दांडा पकडतो. तोच जबडा रुळावरून यंत्राला हँगरात नेतो.

आता सी किंगची जागा अमेरिकी ‘एमएच-६०आर सीहॉक’ घेत आहे. २०२० मध्ये २४ हेलिकॉप्टरांचा करार झाला, डिसेंबर २०२५ मध्ये गोव्याच्या ‘आयएनएस हंसा’वर दुसरी तुकडी उभी राहिली. पूर्ण भारलेलं सीहॉक दहा टनांवर जातं, पण पंखा सोळा मीटरच्या थोडाच वर. माझगावातच बांधलेल्या ‘आयएनएस कोलकाता’वर ते मे २०२३ मध्ये प्रथम उतरलं.

हँगरात मावलं म्हणजे झालं, असं नाही. जहाज पुढे जाताना वारा हँगरच्या भिंतीवरून मागे कोसळतो आणि नेमका उड्डाणडेकवर भोवरे करतो. म्हणून चाचणी-वैमानिक वाऱ्याचा वेग, दिशा आणि जहाजाचं डोलणं बदलत पुन्हापुन्हा उतरून पाहतात. त्यातून किती वाऱ्यात, कोणत्या कोनातून उतरायचं याच्या मर्यादांचा तक्ता ठरतो. एका वर्गाच्या जहाजाचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. हेलिकॉप्टर बदललं तर त्याच जहाजाचाही जुना तक्ता रद्द होतो.