नशेतली जवळीक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत दारूचं दुकान नाही. सेवाग्राम आणि पवनारमुळे गांधी-विनोबांचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा आहे. तरी मोहाची, हातभट्टीची आणि बाहेरून चोरून आणलेली दारू इथं मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारू चोरून प्यायची म्हटल्यावर सोबती भरवशाचा लागतो. त्यामुळे या बैठकांमधल्या दोस्तीबद्दल काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्या तपासायला हव्यात, कारण त्यांची किंमत घरं मोजत आहेत.

‘पोटात गेली की माणूस खरं बोलतो.’ बोलतो मोकळेपणानं, पण ते खरं असेलच असं नाही. दारू मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा परिणाम कमी करते. पुढचा-मागचा विचार करणारा मेंदूचा भाग मंदावतो आणि लक्ष समोरच्या गोष्टीपुरतं आक्रसतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टील आणि जोसेफ्स यांनी १९९० साली याचं वर्णन ‘दारूमुळे येणारी दूरदृष्टीची कमतरता’ अशा अर्थानं केलं. समोर हसरा चेहरा असेल तर गळामिठी, टोमणा ऐकू आला तर गचांडी. म्हणजे ‘भाऊ, तुझ्यासाठी जीव देईन’ हे वाक्य आणि त्याच रात्रीची मारामारी, दोन्हींच्या मुळाशी एकच बिघाड असतो. त्यात शिकलेला भागही मोठा आहे. मॅकअँड्र्यू आणि एजर्टन यांनी १९६९ साली निरनिराळ्या समाजांतल्या नोंदी एकत्र करून दाखवलं, की पिऊन माणूस कसा वागतो हे समाजागणिक बदलतं. ‘तो नाही, त्याची दारू बोलत होती’ ही सबब म्हणूनच अर्धवट आहे.

‘एकत्र बसल्याशिवाय दोस्ती पक्की होत नाही.’ यात तथ्य आहे, आणि ते नाकारून तरुणांशी बोलता येणार नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१२ सालच्या प्रयोगात ७२० अनोळखी माणसांचे तिघातिघांचे गट केले होते. दारू मिळालेल्या गटांतली माणसं जास्त वेळा एकाच क्षणी हसली, आणि त्यांना एकमेकांबद्दल जवळीकही जास्त वाटली. पण प्रयोगानं मोजली ती त्या बैठकीतली भावना. उसने पैसे परत येतील का, आजारपणात हा दवाखान्यात थांबेल का, हे त्यात मोजलेलंच नव्हतं. विश्वास मात्र तिथंच कसाला लागतो.

खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, गोष्ट थोडी वेगळी. विदर्भात खर्रा घोटून पन्नीतून पुढे करणं हा ओळख वाढवण्याचा रिवाजच आहे. नाही म्हटलं तर समोरच्याला अपमान वाटतो. ‘खर्रा तोंडात टाकला की डोकं शांत होतं, बोलायला बरं वाटतं’ असं लोक सांगतात. सवय लागलेल्याची ती शांती बरीचशी उसनी असते. निकोटीन उतरलं की चिडचिड सुरू होते आणि पुढची चिमूट तीच चिडचिड मिटवते. जवळीक असते ती वाटून घेण्यात आणि थांबून बोलण्यात. ती चहावरही जमते. सुपारीनं मात्र तोंडाचं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होतं, आणि तंबाखूप्रमाणेच सुपारीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नोंदवलं आहे.

शहरात शिकायला गेलेल्या मुलांच्या कानावर एक्स्टसी, म्हणजे एमडीएमए, ही ‘प्रेमाची गोळी’ म्हणून येते. तिच्यानं सेरोटोनिन एकदम सुटतं आणि आपुलकी दाटून येते, हे खरं. पण ‘तिनं सगळ्यांवर विश्वास बसतो’ हे खरं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या एका प्रयोगात २० पुरुषांनी ही गोळी घेऊन सहकार्याचा खेळ खेळला. भरवशाच्या जोडीदारांशी त्यांचं सहकार्य वाढलं; दगा देणाऱ्यांशी वाढलं नाही. चिंतेची बाब दुसरीच आहे. इतर अभ्यासांत या औषधाच्या अमलाखाली समोरच्याच्या चेहऱ्यावरची नकारात्मक भावना, विशेषतः भीती, ओळखणं कमी झालेलं दिसलं. धोका दिसायला हवा तिथंच नजर अधू होते. मानसिक आघातावरच्या उपचारासाठी तिला मान्यता देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला. भारतात ती १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते, आणि चोरबाजारातल्या गोळीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

सगळ्यात जास्त दुखावणारा समज घरात असतो : ‘त्याचा आमच्यात जीवच नाही, नाहीतर सोडली असती.’ व्यसनात मेंदूची बक्षीस देणारी यंत्रणाच नशेकडे वळते. मुलाच्या हसण्यातून, बायकोच्या बोलण्यातून मिळणारा आनंद फिका पडतो, माया आटलेली नसतानाही. मात्र खोटी शपथ आणि डब्यातून गेलेले पैसे खरेच असतात. त्यामुळे बायकोनं चाव्या आपल्याकडे ठेवल्या तर तिला संशयी म्हणू नये. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं उपचारात कुटुंबालाही सामील करून घेतलं ते याचसाठी. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांतही माणसं जवळ येतात, आणि तीही शुद्धीवर असताना.

आणि एक समज जिवावर बेतणारा : ‘मनावर घेतलं तर आजच्या आज सुटते.’ वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, काही वेळा मृत्यूही ओढवतो. घरच्यांनी शपथ घालून कोंडून ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पिपरी मेघेहून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय, दोन्ही जवळ आहेत, आणि दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची आहेत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ निःशुल्क आहे. पिणारा तयार नसेल तरी तिथं बायकोनं, आईनं किंवा मित्रानं फोन केला तरी चालतो.