शरीराचे घड्याळ आणि डोळ्यांचे दुसरे कार्य

श्रमाने थकलेल्या मनुष्यास झोप येते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु झोप केव्हा यावी व जाग केव्हा यावी, हे शरीरातील एक घड्याळ ठरवीत असते. भूक, शरीराचे तापमान व संप्रेरकांचा स्राव यांचे वेळापत्रकही तेच सांभाळते. मेंदूच्या तळाशी सुमारे २० हजार चेतापेशींचा एक लहानसा समूह आहे. तो या घड्याळाचे केंद्र होय. माणसांमध्ये त्याचा फेरा सर्वसाधारणपणे २४ तासांहून काही मिनिटांनी अधिक असतो. म्हणून ते रोज सूर्याशी जुळवून घ्यावे लागते. अन्यथा ते दिवसेंदिवस मागे पडत जाते. ही जुळवणी कशी होते, या प्रश्नाच्या उकलीत ब्रिटिश मेंदूशास्त्रज्ञ प्रा. रसेल फॉस्टर यांचा वाटा फार मोठा आहे.

अंध उंदरांवरील प्रयोग

डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, असे शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे मानीत आले होते : मंद प्रकाशात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी. फॉस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक दोषामुळे दृष्टी गमावलेल्या उंदरांचा अभ्यास करून १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या उंदरांच्या शारीरिक घड्याळावर प्रकाशाचा परिणाम डोळस उंदरांइतकाच होत होता. थोड्याफार शंकुपेशी उरल्या असतील, ही शंका तरीही राहिली. म्हणून दोन्ही प्रकारच्या पेशी मुळीच नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले आणि १९९९ मध्ये तोच निष्कर्ष पुढे आला. डोळेच काढून टाकले असता मात्र ही क्षमता नाहीशी होत होती. म्हणजेच प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा तिसरा प्रकार डोळ्यातच होता. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या पेशी प्रत्यक्ष दाखवून दिल्या. मेलॅनोप्सिन या द्रव्यामुळे त्या प्रकाश ओळखतात. निळ्या प्रकाशाला त्यांचा प्रतिसाद सर्वाधिक असतो. २००७ मध्ये दोन अंध व्यक्तींमध्येही असाच प्रतिसाद आढळून आला.

अंध व्यक्तींच्या दृष्टीने

या शोधाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. दृष्टी गेली तरी डोळे शाबूत असतील, तर काही व्यक्तींमध्ये ते मेंदूला दिवस-रात्रीची वार्ता देत राहतात. अशा व्यक्तीला घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवून ठेवणे म्हणजे तिची ही उरलेली शक्तीही वाया घालविणे होय. याउलट, ज्यांचे दोन्ही डोळे काढावे लागले आहेत, त्यांचे घड्याळ सूर्याशी जुळत नाही. काही दिवस त्यांना वेळेवर झोप लागते, तर काही दिवस भरदिवसा झोप अनावर होते. अशा विद्यार्थ्याला आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी व वसतिगृहाच्या गृहपालांनी हे कारण ध्यानी घ्यावे आणि वैद्यकीय सल्ला मिळवून द्यावा.

शाळा व रात्रपाळी

६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. पौगंडावस्थेत घड्याळ मुळातच उशिराकडे झुकते. त्यामुळे भल्या पहाटेची शाळा मुलांच्या झोपेवर घाला घालते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरविण्याचे निर्देश दिले, ते मुलांच्या पुरेशा झोपेचा विचार करूनच.

रात्रपाळीचा प्रश्नही गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घड्याळ बिघडविणारी पाळीची कामे व २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले. रात्रपाळी टाळता येत नाही, तेथे कामगारांची नियमित आरोग्य तपासणी तरी व्हावी.

सकाळचा सूर्यप्रकाश

खोलीतील दिव्यांचा उजेड साधारणतः काही शे लक्स भरतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारो लक्स असतो. तेव्हा सकाळची प्रार्थना व कवायत मैदानात घेणे, वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवणे, वृद्धांना व अंधांना सकाळी अंगणात आणून बसविणे आणि रात्री निजण्यापूर्वी प्रखर दिवे व मोबाइल दूर ठेवणे, एवढे प्रत्येक गावाला करता येईल. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागत नाही.