शाळेच्या समितीत पालक आहेत, पण ते बोलतात का?

शिक्षणावरचं भाषण ऐकायला आपल्या वस्तीत माणसं कमी पडत नाहीत. जयंती असो, वर्षावासातलं प्रवचन असो की मंगल परिणय, विषय निघतोच. मात्र आपलं मूल ज्या जिल्हा परिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या शाळेत जातं, त्या शाळेच्या कारभारात आई-वडिलांना कायद्याने जागा दिलेली आहे, ही गोष्ट अनेक घरांपर्यंत पोहोचलेली नाही. जिथे पोहोचली तिथेही ती बऱ्याचदा सहीपुरती राहिली आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला तेव्हा महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात त्याची गरज होती. पण शंभर वर्षं उलटली तरी पालकाकडे बघण्याची आपली नजर दंड लावणाऱ्याचीच आहे. "या पालकांना काही पडलेलंच नाही," असं शिक्षक म्हणतात आणि शिकून नोकरीला लागलेली आपली मुलंही म्हणतात. मला हे पटत नाही. रोजाने कामाला जाणारी बाई पोटाला चिमटा काढून मुलाच्या शिकवणीची फी भरते. तिला पडलेलं नाही असं कसं म्हणायचं? तिच्याकडे नाही ती शाळेची भाषा. 'अध्ययन निष्पत्ती', 'ब-१ श्रेणी', 'आकारिक मूल्यमापन' हे शब्द कानावर पडले की ती मान हलवते आणि घरी येते. समाजशास्त्रात बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आपल्याला एवढंच लक्षात घ्यायचं आहे की ही भाषा शिकवता येते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत आणि निम्म्या जागी महिला हव्यात. आपल्या राज्यात समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा ही समितीची कामं. शिवाय कलम २४ प्रमाणे पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. "सर, माझ्या पोराचं कसं चाललंय?" असं विचारणारी आई उपकार मागत नसते.

एक फरक कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतल्या समित्या फक्त सल्ला देऊ शकतात. विनाअनुदानित खासगी शाळांना तर हे कलमच लागू नाही. त्यामुळे शाळा कोणत्या प्रकारची आहे हे आधी बघावं, नाहीतर पहिल्याच सभेत तोंडघशी पडायची वेळ येते.

आता प्रशिक्षणाचं. समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद समग्र शिक्षा योजनेत आहेच. ती प्रशिक्षणं मी पाहिली आहेत. एक दिवस, एक भाषण, एक पुस्तिका, चहा-बिस्किट. पुस्तिका वाचता न येणाऱ्या बाईच्या हातात ती पुस्तिका तशीच राहते. माझा अनुभव असा की सुरुवात कलमांपासून करूच नये. ज्या विषयात बाई आधीच तरबेज आहे, तिथून करावी.

पोषण आहाराचं उदाहरण घ्या. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. सहावी ते आठवीसाठी १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. हे आकडे सांगून एवढंच विचारायचं, "आज ४० पोरं हजर आहेत, डाळ किती लागेल?" घरात रोज माणसं मोजून स्वयंपाक करणाऱ्या बाईला उत्तर द्यायला कागद लागत नाही. तांदूळ चार किलो, डाळ ८०० ग्रॅम. मग तिला नोंदवही दाखवायची, हजेरीचा आकडा आणि शिजवलेल्या धान्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवायचा. नोंदवही बघणं म्हणजे काय, हे ती एका दुपारी शिकते. एकदा एक रजिस्टर कळलं की दुसऱ्याची भीती जाते.

दुसरं रजिस्टर पैशाचं. समग्र शिक्षेतून शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान मिळतं. ३० पटापर्यंत १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार. रक्कम मोठी नाही, पण खडू-फळ्यापासून संडासाच्या दुरुस्तीपर्यंत बरंच त्यातून व्हायचं असतं. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बायका वस्तीत असतातच. त्यांना पासबुक आणि पावत्या कशा जुळवायच्या हे नव्याने शिकवावं लागत नाही.

मुलाचं शिकणं तपासणं अवघड वाटतं, पण तेही निरक्षर पालकाला जमतं. 'असर'च्या पाहणीत मुलाला अक्षर, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट यांपैकी काय वाचता येतं ते बघतात. ऐकणाऱ्याला स्वतः वाचता आलं पाहिजे असं नाही. पोरगं अडखळतंय, गाळतंय, की बोलल्यासारखं वाचतंय हे कानाला कळतं. आठवड्यातून एकदा पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचून घ्यावं, बस. हे आता जास्त निकडीचं झालं आहे, कारण २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात राहतं. चौथीपर्यंत सगळं ठीक आहे असं समजणाऱ्या आई-बापाला पाचवीच्या निकालात धक्का बसतो, आणि तिथून शाळा सुटायला फार वेळ लागत नाही.

आपल्या समाजापुरती एक बाब वेगळी. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात ही नोंद पालकाने मूल पहिलीत असतानाच स्वतः पाहून घ्यावी, कोणाकडून तरी वाचून घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. जात पडताळणीच्या वेळी, बारावीनंतर धावपळ करणारी किती कुटुंबं आपण बघतो!

हे सगळं करायचं कुठे आणि कधी? समितीच्या सभा बहुधा कामाच्या दिवशी, भर दुपारी ठेवतात. सभेला यायचं तर बाईचा रोज बुडतो. सभेची वेळ बदलून मागणं हे पालकांच्या पहिल्या ठरावाचं काम आहे. प्रशिक्षणासाठी मात्र आपल्याकडे जागा तयार आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचनाला महिला जमतात आणि शाळेचं वर्षही नुकतंच सुरू झालेलं असतं. वाचन संपल्यावर अर्धा तास, आठवड्यातून एक दिवस, एका वेळी एकच विषय. कधी खोटी सभा भरवावी: एकजण मुख्याध्यापक, एकजण अध्यक्ष, आणि कोऱ्या इतिवृत्तावर सही मागितली तर काय म्हणायचं याचा सराव. पहिल्यांदा सगळ्या हसतात. तिसऱ्यांदा कोणीतरी ठामपणे म्हणतं, "आधी लिहा, मग सही करते."

तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती. सभेत आईच्या वतीने तुम्ही बोलू नका. मोह होतो, कारण आपल्याला कलमं पाठ असतात. पण शिक्षकाशी तुमचा खटका उडाला की दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचं असतं तिच्या मुलाला. अनेक शिक्षकही वरून येणाऱ्या माहितीच्या मागण्यांनी पिचलेले असतात. पालक आराखड्यात रिकामं पद किंवा बंद पडलेला नळ लिहून मागतात, तेव्हा शिक्षकाला ते हवंच असतं. तुमचं काम सभेच्या आदल्या संध्याकाळी आणि नंतरच्या संध्याकाळी. आधी विषय समजावून सांगणं, नंतर काय ठरलं ते इतिवृत्तात उतरलं का हे तिच्याबरोबर तपासणं.