सत्तावीस लिहिताना आधी दोन का?

हैदराबादच्या आपल्या मराठी घरांतले पहिली-दुसरीतले मूल एकच संख्या तीन नावांनी ऐकते. शाळेत 'ट्वेंटी सेव्हन', बाहेर तेलुगूत 'इरवै एडु' आणि घरी आजीकडून 'सत्तावीस'. इंग्रजी आणि तेलुगूत आधी वीस, मग सात. आपण मात्र आधी सात म्हणतो. त्यामुळे 'सत्तावीस लिही' म्हटले की मूल ऐकलेल्या क्रमाने ७२ लिहिते आणि ओरडा खाते. खरे तर त्याने नीट ऐकलेले असते.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस सात' असे वाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची बाजू मांडली होती. आम्हाला वाटते, 'वीस सात' शिडीसारखे वापरावे. पण 'सत्तावीस' सोडू नये. आपल्याकडे हे शब्द घरातच टिकणार, शाळेत नाही.

मुलाला कितपत समजले आहे ते पाहण्याची सोपी रीत अशी. चौतीस काड्या मोजून घ्या, शेजारी ३४ लिहा. मग ३ वर बोट ठेवून विचारा, "हा आकडा म्हणजे यातल्या किती काड्या?" बरीच मुले तीनच काड्या उचलतात. 'तीन दशक, चार एकक' घडाघडा म्हणणारीसुद्धा!

अशा वेळी काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या मुलालाच बांधू द्याव्यात. आपण बांधून देऊ नयेत. रबर लावताना दहाची 'एक' जुडी होते, हे त्याच्या हाताला कळले पाहिजे. पैसे त्यानंतर आणावेत, कारण जुडी सोडून दहा काड्या पुन्हा मोजता येतात, दहाच्या नोटेत मात्र दहा रुपये दिसत नाहीत, ते मानून चालावे लागते. जुड्या पक्क्या झाल्या की फासा टाकून रुपयाची नाणी जमवण्याचा खेळ घ्या. दहा नाणी झाली की आजोबांच्या 'बँकेत' भरून नोट घ्यायची. आम्ही बँकेत तेच करत आलो: शंभर नोटांचे पाकीट, दहा पाकिटांचे बंडल.

जाता जाता एक बँकेतली युक्ती. हिशेबातल्या फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, की आधी उलटसुलट लिहिलेले अंक शोधायचे. २७ च्या जागी ७२ लिहिले तर सात दशकात जाऊन सत्तर होतो, म्हणजे ६३ वाढतात. वीसचे दोन होतात, म्हणजे १८ घटतात. फरक ४५. चौथी-पाचवीच्या नातवंडांना हे फार आवडते.

सगळ्यात त्रास एकोणतीस, एकोणचाळीस यांचा. कानावर 'तीस' पडते आणि लिहायचे मात्र २ ने सुरू. इथे समजावत बसू नका. तीन जुड्या मांडा आणि म्हणा, "यातली एक काडी मला दे." मुलाला एक जुडी सोडावीच लागते. उरतात दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे तेव्हा सांगावे. नव्याण्णव तेवढे या रांगेत बसत नाही. ते वेगळे पाठ करून घ्यावे.